पाव किलो बेदाणे आणि सुतळी: प्रमाणशीर प्रतिनिधित्व पारावर कसं समजवायचं

आमच्याकडं ग्रामपंचायतीची प्रभागरचना आली की पारावर एकच विषय, आमची गल्ली कुठं टाकली. मागच्या खेपेला आमच्या गल्लीची निम्मी घरं एका प्रभागात आणि निम्मी वढ्यापलीकडच्या प्रभागात गेली, हरकत घेतली, काही झालं नाही. तेव्हापासून मी लोकांना भाषण देत नाही, बेदाणे मांडून दाखवतो. तासगावकडचा माणूस बेदाणे सोडून दुसरं काय आणणार.

तर साहित्य: १५ पिवळे बेदाणे, १० काळे, सुतळीचे तुकडे आणि एक पाट. हिरवा बेदाणा थोडा बाजूला ठेवा, नंतर लागतो.

पाटावर पाच बाय पाच मांडा. डावीकडच्या तीन उभ्या ओळी पिवळ्या, उजवीकडच्या दोन काळ्या. एक बेदाणा म्हणजे एक घर, पाच घरांचा एक वॉर्ड, ज्याची घरं जास्त त्याचा मेंबर. आता सुतळी आडवी टाका. प्रत्येक वॉर्डात तीन पिवळे दोन काळे, पिवळ्यांचे पाचच्या पाच मेंबर, काळ्यांना ४० टक्के घरं असून भोपळा. सुतळी उभी टाकली की ३-२, बरोबर हिशोब. इथंपर्यंत लोक मान डोलावतात.

खरी गंमत पुढं आहे, इथं घाई करू नका. डावीकडची पहिली उभी ओळ अख्खी एक वॉर्ड करा, सगळे पिवळे एकाच ठिकाणी कोंबले. दुसरा वॉर्ड म्हणजे सगळ्यात वरच्या आडव्या ओळीतला दुसरा, तिसरा, चौथा बेदाणा आणि त्या दुसऱ्याच्या खालचे दोन. उरले पंधरा, त्यात सहा पिवळे नऊ काळे, त्यांचे तीन वॉर्ड असे पाडा की प्रत्येकात तीन काळे दोन पिवळे. सुतळी सापासारखी वळते पण बसते, मी पोरांकडून करून घेतो, पाच मिनिटं लागतात. झालं, १० काळे ३ मेंबर घेऊन सरपंचाच्या गप्पा मारायला मोकळे आणि १५ पिवळे दोनवर. एक बेदाणा हलला नाही, फक्त सुतळी हलली.

ह्यालाच अमेरिकेत जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज जेरी ह्याच्या सहीनं असा एक मतदारसंघ झाला की नकाशावर तो सॅलॅमँडरसारखा, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यासारखा दिसत होता, जेरी आणि सॅलॅमँडर जोडून हे नाव. तिकडं बहुतेक राज्यांत रेषा आमदारच आखतात, म्हणजे मेंढरांची राखण लांडग्याकडं. आपल्याकडं लोकसभा-विधानसभेला परिसीमन आयोग असतो, तेवढं बरं.

आता सुतळी काढून टाका, सगळी. २५ घरं एकच प्रभाग, जागा पाच, मतं पक्षाला. ६० टक्क्याला तीन, ४० ला दोन. जेवढी मतं त्या मानानं जागा, हेच प्रमाणशीर प्रतिनिधित्व. रेषाच नाही तर वाकडी काय करणार.

इथं कोणीतरी म्हणतंच, अहो आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत एका प्रभागात चार नगरसेवक आहेतच की. ते हे नव्हे. तिथं अ, ब, क, ड प्रत्येक जागेची लढत वेगळी, त्यामुळं चार पॅनेल असली तर ४० टक्केवालं पॅनेल चारही जागा उचलू शकतं. उलट राज्यसभेला आपले आमदार पसंतीक्रम टाकतात ते खरं प्रमाणशीर, २८८ आमदार आणि सहा जागा असल्या की पहिल्या पसंतीची ४२ मतं मिळाली की माणूस आत.

आता हिरवा बेदाणा आणा, तिसरा पक्ष. एरवी त्याला मत द्यायचं म्हटलं की घरचेच म्हणतात, मत वाया घालवू नको, आणि लोक मोठ्या दोनातच फिरत राहतात. न्यूझीलंडमध्ये १९८१ ला सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांवर मतं पडली आणि ९२ पैकी जागा आल्या दोन. तिथं १९९३ ला लोकांनी सार्वमतात पद्धत बदलली, १९९६ पासून जागा मतांच्या प्रमाणात. आपल्याकडं २०१४ ला बसपाला देशात चार टक्क्यांवर मतं आणि शून्य खासदार, भाजपला ३१ टक्क्यांत २८२.

जागा वाटायचं गणित वहीवर करा. समजा पिवळे ४८०, काळे ३१०, हिरवे २१० मतं, जागा पाच. प्रत्येकाच्या मतांना १, २, ३ नं भागत जा आणि सगळ्यात मोठे पाच आकडे निवडा: ४८०, ३१०, २४०, २१०, १६०. पिवळे ३, काळे १, हिरवे १. ही डी'हॉन्टची रीत, मोठ्याला जरा झुकती. आता १, ३, ५ नं भागा: ४८०, ३१०, २१०, १६०, १०३. पिवळे २, काळे २, हिरवे १. ही सँ-लाग्यूची, न्यूझीलंड हीच वापरतं. मला दुसरी पटते, कारण ४८ टक्क्याला पाचातल्या तीन जागा म्हणजे थोडं जास्तच झालं.

आणि कोणी म्हणालं प्रभागात तीनच जागा ठेवू, तर लगेच हो म्हणू नका, तेच आकडे डी'हॉन्टनं परत भागून बघा, हिरव्यांची २१ टक्के मतं पुन्हा पाटावरून खाली.