अमली पदार्थांच्या तपासात यायचंय? आधी एक सूचना लिहायला शिका

एसएससी सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांतल्या भरतीची परीक्षा, तिची तयारी करणाऱ्या मुली मला भेटल्या की धाडीबद्दल विचारतात. पिस्तूल मिळतं का, रात्रीबेरात्री जावं लागतं का, घरचे काय म्हणतात. झडतीची सूचना किंवा पंचनामा कसा लिहायचा हे आजवर एकीनेही विचारलेलं नाही. मीसुद्धा नोकरीला लागताना कुणाला विचारलं नव्हतं, आणि माझी पहिली मोठी केस त्यातच गेली. त्याला बरीच वर्षं झाली, तरी त्या निकालपत्राचं पान समोर आलं की घशात आवंढा येतो.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, पॅटर्न तुम्हाला पाठ असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना एवढंच सांगते की टिअर दोनच्या, म्हणजे परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याच्या, ३९० गुणांपैकी १३५ एकट्या इंग्रजीचे आहेत, आणि पेपर इंग्रजी किंवा हिंदीत असतो, मराठीत नाही. मी बार्शीची. गणिताच्या 'तीन सेकंदांत उत्तर'वाल्या ट्रिका गोळा करण्यात माझे दोन प्रयत्न गेले. तेवढ्या वेळात रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाचला असता तर वर्षभर आधी लागले असते. मैदानी चाचणीला माझ्या वेळी मुलींना एक किलोमीटर २० मिनिटांत चालणं आणि तीन किलोमीटर सायकल २५ मिनिटांत होती. त्याची धास्ती घेऊ नका. पण किमान वजन ४८ किलो लागतं, आणि पुण्यात खोली करून एकवेळच्या डब्यावर अभ्यास करणाऱ्या कितीतरी मुली तिथे काठावर येतात. नीट जेवा.

पदांचा पसंतीक्रम भरताना मात्र घाई करू नका, तो नंतर बदलता येत नाही. एनसीबी, म्हणजे नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो, ही १९८६ मध्ये स्थापन झालेली, आता गृह मंत्रालयाखाली आहे. तिथे पोलीस, कस्टम्स, निमलष्करी दलांतून प्रतिनियुक्तीवर आलेले लोक खूप. सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स, म्हणजे सीबीएन, हे वेगळं खातं आहे. ते वित्त मंत्रालयाचं, मुख्यालय ग्वाल्हेरला. नुसतं 'नार्कोटिक्स' हा शब्द बघून मुलं ते पहिल्या क्रमांकावर टाकतात आणि मग नीमच नाहीतर कोट्याकडे परवानाधारक शेतकऱ्यांच्या अफूच्या शेतांची मोजणी करायला उभी राहतात. ते काम मोलाचं आहे, कारण कायदेशीर अफू तिथूनच काळ्या बाजाराकडे गळते. फक्त मुंबईतल्या धाडींचं स्वप्न घेऊन तिथे जाऊ नका. कस्टम्सचा इन्स्पेक्टर झालात तर पुढे डीआरआयमध्येही, म्हणजे तस्करीविरोधी महसूल गुप्तचर संचालनालयातही, हे काम करायला मिळतं.

आता मूळ मुद्दा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याचं कलम ५०.

हे कलम तुम्ही दहा वेळा वाचलं असेल. झडती अंगाची असेल तर त्या माणसाला आधी सांगायचं की, जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती करून घेण्याचा तुला हक्क आहे. नुसत्या पिशवीच्या झडतीला हे लागू नाही, अंगाच्या झडतीला आहे. वाचताना वाटतं, यात अवघड ते काय?

एका बसस्थानकावर पहाटे आम्ही दोन बायकांना थांबवलं. खबर पक्की होती, वेळेसह लिहून वरिष्ठांकडे दिलेली होती. पथकात बाई मी एकटीच, आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची हे त्याच कलमात आहे, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. दोघींच्या पोटाला तपकिरी चिकटपट्टीने चरस बांधलेलं होतं. पट्टी सोडवताना एकीची कातडी सोलली गेली आणि ती ओठ चावून उभी राहिली, ते मला अजून दिसतं. प्रत्येकीकडे किलोच्या वर माल. चरसाची व्यावसायिक मात्रा एक किलो आहे, म्हणजे किमान दहा वर्षं सक्तमजुरीची केस.

सूचना मी झडतीच्या आधीच दिली होती. पण ती लिहिताना जुन्या फाइलमधला मसुदा उचलला. 'हेच वापर, वर्षानुवर्षं चालतंय,' असं एका वरिष्ठांनी सांगितलं होतं. त्या मसुद्यात तीन पर्याय होते: दंडाधिकारी, राजपत्रित अधिकारी, किंवा पथकासोबत आलेले अधीक्षक. दोघींसाठी मिळून मी एकच कागद केला, खाली दोघींच्या सह्या घेतल्या, आणि दोघींनी तिसरा पर्याय निवडला.

या एका कागदात दोन चुका आहेत आणि दोन्ही जीवघेण्या. पहिली, हक्क प्रत्येकीचा स्वतंत्र आहे, म्हणून सूचनाही प्रत्येकीला स्वतंत्र द्यावी लागते. दुसरी, धाड घालायला आलेला अधिकारी कितीही वरचा असला तरी तो तटस्थ साक्षीदार होत नाही. कायद्यात दोनच पर्याय आहेत, तिसरा आपण शोधून काढायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परमानंद खटल्यात या दोन्ही गोष्टी स्वच्छ सांगितल्या होत्या. हक्काची जाणीव करून देणं बंधनकारक आहे, 'बऱ्यापैकी पाळलं' हे चालणार नाही, हे त्याआधी २०१० मध्ये घटनापीठाने सांगितलं होतं. माझी धाड त्यानंतरची. आमचा मसुदा या निकालांच्याही आधीचा होता आणि तो कुणी उघडून वाचलाच नव्हता. मीही नाही.

तीन वर्षांनी साक्षीला उभी राहिले. बचाव पक्षाच्या वकिलांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'मॅडम, वाचून दाखवा.' दुसऱ्या ओळीवरच मला सगळं कळलं. दोघी सुटल्या. माल खरा होता, पंच खरे होते, मी खरं बोलत होते.

त्यामुळे 'जुन्या फाइलमधून उचल' म्हणणाऱ्या वरिष्ठापासून लांब राहा. तो वाईट माणूस असतो असं नाही, त्याचं वाचन थांबलेलं असतं. 'कबुली घेतली की केस झाली' असं सांगणारेही भेटतील. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर तपास अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. घटनास्थळीच नमुने काढून पाकिटं बंद करायची जुनी सवय शिकवणारेही असतील. २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यासमोरच काढायचे असतात. माझ्या मते या नोकरीतला खरा गुरू म्हणजे सत्र न्यायालयातले सरकारी वकील. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जा आणि निर्दोष सुटलेल्या खटल्यांची निकालपत्रं मागून वाचा. मी केस हरल्यावर गेले. तुम्ही आधी जा.

हे वाचून घाबरू नका. मला कायद्याची पदवी नाही, मी बी.एस्सी. आहे. हे सगळं शिकता येतं आणि दोनेक वर्षांत हाताला वळण लागतं. बायका तर या खात्यात हव्याच आहेत. बाई अधिकारी नसेल तर पथक रस्त्यावर तासन्‌तास ताटकळतं, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या निकालानंतरची माझी पहिली झडतीही एका बाईचीच होती, टोलनाक्याजवळ. सूचना मी तिच्या भाषेत वाचून दाखवली, तिच्या एकटीच्या नावाने, दोनच पर्यायांची. ती म्हणाली, राजपत्रित अधिकारी. पथकातले दोघं माझ्याकडे बघायला लागले, कारण धाडीत नसलेला असा जवळचा अधिकारी चाळीस किलोमीटरवर होता. आम्ही तिला गाडीत बसवलं. वाटेत तिला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. पंचनाम्यात वेळा लिहिलेल्या आहेत: सूचना १:५०, निघालो २:०५, पोचलो ३:१०, झडती ३:२५.