टेनिस एल्बो: कोपराच्या दुखण्यावर घरच्या घरी करण्याचे व्यायाम

टेनिसची रॅकेट कधीही हातात न धरलेल्यांनाही ‘टेनिस एल्बो’ होतो, कारण मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला ज्या कंडरेने हाडाला जोडलेले असतात, तिच्यावर वारंवार पडणारा ताण हे त्याचे कारण असते. कपडे पिळताना, कणीक तिंबताना तिथेच कळ येते.

हात गळ्यात बांधून ठेवू नये. पूर्ण विश्रांतीने स्नायू दुबळे होतात. कळ आणणारी कामे कमी करावीत आणि वस्तू उचलताना तळहात वर ठेवून ती अंगाजवळ धरावी.

व्यायामासाठी कोपरापासूनचा हात टेबलावर असा टेकवावा की तळहात जमिनीकडे आणि मनगट कडेबाहेर राहील. प्रथम मनगट सरळ ठेवून दुसऱ्या हाताने वरून दाब द्यावा आणि ते न हलवता 30 ते 45 सेकंद धरावे. असे 4-5 वेळा करावे. हे सोसू लागले की अर्ध्या लिटरची भरलेली बाटली मुठीत धरून, दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे आणि आधार सोडून अगदी सावकाश खाली आणावे. थोडे दुखले तरी चालेल, मात्र ते दुसऱ्या सकाळपर्यंत शमले पाहिजे, अन्यथा वजन कमी करावे. पंधरवड्यात गुण आला नाही म्हणून कृपया व्यायाम सोडू नका. कंडरेला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात.

पडल्यानंतर कोपर सरळ होत नसेल, बोटे बधिर झाली असतील किंवा सांधा लाल होऊन ताप आला असेल, तर व्यायाम न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.