राज्यसभेच्या जागेचं गणित घरबसल्या कसं मांडावं

जून २०२६ मध्ये गुजरातच्या चार राज्यसभा जागांची मुदत संपते. असा विषय निघाला की आमच्या दांडिया बाजारात कोणीतरी हमखास विचारतं, "काकू, आपलं मतदान कुठल्या शाळेत?" कुठल्याच शाळेत नाही. जागा अख्ख्या राज्याची असली तरी मत टाकणार ते गांधीनगरच्या विधानसभेतले आमदार, सगळी बाकं भरलेली असली तर १८२. पण निकाल कसा लागणार हे मात्र आपल्याला आदल्या रात्री वहीवर मांडता येतं. मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. एवढं गणित त्यांना खेळता खेळता येतं, तर बडोद्याच्या मतदाराला का येऊ नये?

आधी निवडणूक आयोगाची अधिसूचना शोधा आणि त्यात एकच गोष्ट बघा: किती जागांसाठी आहे. उमेदवारांची नावं मागाहून. एकूण वैध मतांना शंभरने गुणायचं, जागांच्या संख्येत एक मिळवून त्याने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि आलेल्या उत्तरात एक मिळवायचा. हा झाला कोटा. चार जागा आणि १८२ मतं धरली तर १८२०० भागिले पाच, म्हणजे ३६४०, अधिक एक, ३६४१. प्रत्येक मताची किंमत शंभर, म्हणून उमेदवाराला पहिल्या पसंतीची ३७ मतं हवीत.

आता संख्याबळ. डिसेंबर २०२२ च्या निकालात भाजपचे १५६ आमदार आले, काँग्रेसचे १७, आम आदमी पक्षाचे ५. भाजप सोडून बाकी सगळ्यांची मोट बांधली तरी २६ होतात, सदतीस नाही. उलट ३७ गुणिले चार १४८, ते १५६ मध्ये बसतात. मधल्या काळात राजीनामे आणि पोटनिवडणुका झाल्या, तेव्हा आकडे विधानसभेच्या ताज्या यादीवरूनच घ्या. अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत जागा तेवढेच उमेदवार उरले तर मतदान होतच नाही. २०२३ ला तीन आणि २०२४ ला चार जागा इथे अशाच बिनविरोध गेल्या.

मग वही कशाला उघडायची, असं वाटेल. कारण आकडे नेहमी इतके एकतर्फी नसतात. ८ ऑगस्ट २०१७ घ्या. मी हे उदाहरण मुलांना फळ्यावर सोडवून दाखवते, राजकारण बाजूला ठेवून. जागा तीन, मत दिलं १७६ आमदारांनी. १७६०० भागिले चार ४४००, अधिक एक ४४०१. म्हणजे ४५ मतं हवीत. काँग्रेसचे उमेदवार अहमद पटेल यांना पडली ४४. पण काँग्रेसच्या दोन आमदारांनी आपली मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीखेरीज दुसऱ्यालाही दाखवली, अशी तक्रार झाली आणि आयोगाने ती दोन्ही मतं बाद केली. उरली १७४. आता भागाकार पुन्हा करा: १७४०० भागिले चार ४३५०, अधिक एक ४३५१. चव्वेचाळीस मतांचे झाले ४४००. पटेल पहिल्याच फेरीत निवडून आले. अमित शहा आणि स्मृती इराणी यांना प्रत्येकी ४६, बलवंतसिंह राजपूत यांना ३८. बेरीज करून बघा, १७४ येते. बेरीज जुळल्याशिवाय मी कुणाला पुढचं गणित देत नाही.

मत दाखवायचं तरी कशाला? २००३ च्या दुरुस्तीनंतर इथे गुप्त मतदान नाही. पक्षाच्या आमदाराने खूण केलेली मतपत्रिका स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची, आणि फक्त त्यालाच. दाखवली नाही तरी मत बाद. अपक्षाने मात्र कुणालाच दाखवायची नाही. यंत्र नाही, कागद असतो. उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे, तेही मतदान केंद्रात मिळालेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच. २०१६ मध्ये हरियाणात चुकीच्या पेनामुळे मतं बाद झाली होती. 'नोटा'ही आता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यसभेपुरता तो काढून टाकला.

दुसरी पसंती कधी कामाला येते? पहिल्या मोजणीत सगळ्या जागा भरल्या नाहीत तर. समजा कोटा ४३५१ आहे आणि एकाला ४६ मतं, म्हणजे ४६०० पडली. वरचे २४९ पुढे सरकतात. सगळ्या ४६ पत्रिकांवर दुसरी पसंती लिहिलेली असली तर २४९ भागिले ४६, प्रत्येक पत्रिकेची नवी किंमत ५. बाकीचा अपूर्णांक सोडतात. त्याने कुणाचाच कोटा झाला नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाहेर पडतो आणि त्याच्या पत्रिका वाटल्या जातात. म्हणून आमदारांना सांगितलेलं असतं की नुसता '१' लिहून थांबू नका.

एक सापळा राहिला. कोणी लोकसभेवर गेलं, वारलं किंवा राजीनामा दिला की अवेळी जागा रिकामी होते. तिथे पोटनिवडणूक होते, आणि अशी प्रत्येक जागा वेगळी धरतात, दोन एकाच दिवशी भरायच्या असल्या तरी. २०१९ ला शहा गांधीनगरहून आणि इराणी अमेठीहून लोकसभेवर गेले, इथल्या दोन जागा मोकळ्या झाल्या. दोन्ही एकत्र लढवल्या असत्या तर पूर्ण सभागृहात ६१ मतं पुरली असती, आणि काँग्रेसकडे तेव्हा सत्तरच्या आसपास आमदार होते. वेगवेगळ्या लढवल्यावर प्रत्येक जागेला निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ९२ लागतात. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, पण आयोगाची पद्धत कायम राहिली. ५ जुलैला दोन्ही जागा भाजपला मिळाल्या. आमदार तेच, सभागृह तेच, फक्त भाजक तीनचा दोन झाला. मला विचाराल तर नावांच्या चर्चेपेक्षा वर्तमानपत्रांनी हे चौकटीत छापायला हवं.

मोजणीच्या दिवशी मोबाईल हातात घेतलात तर आधी वैध मतं किती ते बघा, पेन्सिलीने लिहिलेला कोटा खोडा, नवा काढा, आणि मग उमेदवारांपुढचे आकडे उतरवून घ्या. मोजणी सहसा मतदानाच्या दिवशीच संध्याकाळी सुरू होते. मतांवर हरकत निघाली तर जागरणाची तयारी ठेवा. २०१७ ला निकाल लागेतो मध्यरात्र उलटून गेली होती.