ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात स्वच्छ झाले? दवाखान्यातल्या या चुका टाळा

सिस्टर ग्लोव्ह्ज घालते, एका पेशंटची युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करते, त्याच हातांनी केसपेपर उचलते, दाराची कडी काढते आणि शेजारच्या कॉटवरच्या आजोबांची सलाईन बदलते. विचारलं तर मनापासून सांगते, "ग्लोव्ह्ज आहेत ना हातात!" ते ग्लोव्ह्ज तिला जपत होते, आजोबांना नाही. वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर मला हीच चूक सर्वांत मोठी वाटते, कारण ती करताना आपण काळजीच घेतोय असं वाटत असतं.

एका पेशंटला, एका कामाला एक जोडी. एकाच पेशंटची युरोबॅग हाताळून मग त्याचं ड्रेसिंग करायचं असेल तरी मध्ये जोडी बदलायची. ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात धुवायचेच. त्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि काढताना मनगटाला घाण लागते. एकदा वापरायच्या ग्लोव्ह्जवर हँडरब (हात स्वच्छ करायचं अल्कोहोलचं द्रावण) चोळून तीच जोडी पुढे चालवू नका. नुसता ताप किंवा बीपी बघायला बहुतेक वेळा ग्लोव्ह्ज लागतही नाहीत, हात स्वच्छ असले की पुरे.

हात कधी स्वच्छ करायचे? पेशंटला हात लावण्याआधी, ड्रेसिंग किंवा इंजेक्शनसारख्या कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. ही शेवटची वेळ हमखास राहून जाते. कॉटचा कठडा, सलाईनचा स्टँड, पडदा यांना हात लावला तर "पेशंटला कुठे शिवले?" असं वाटतं. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून बाळंतिणींकडे जाणाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आज हँडरब कॉटपाशीच ठेवता येतो. तो दाराजवळ टांगला असेल तर गर्दीच्या वेळी कोणी तिथवर जात नाही, म्हणून आधी त्याची जागा बदला.

हँडरबने हात चरचरतात ही तक्रार खरी आहे. बहुतेकदा कारण असं की आधी साबण, लगेच ओल्या हातांवर रब. दोन्हींची गरज नसते. हात दिसायला स्वच्छ असतील तर कोरड्या हातांवर रब, २० ते ३० सेकंद. मळलेले असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या पेशंटनंतर मात्र साबण-पाणीच वापरा, कारण जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणू (त्याचं चिवट, सुप्त रूप) अल्कोहोलने मरत नाहीत.

"सुई नवीन घेतली, सिरिंज तीच" हे आजही कानावर येतं तेव्हा अंगावर काटा येतो. सुई बदलली तरी सिरिंजमध्ये रक्ताचा अंश राहू शकतो. गुजरातमधल्या मोडासा भागात २००९ साली हिपॅटायटिस बीची साथ आली, त्यामागे पुन्हा वापरलेल्या सिरिंजच असल्याचं समोर आलं. व्हायलच्या (इंजेक्शनच्या औषधाच्या बाटलीच्या) बुचात सुई टोचून तशीच ठेवणं हीसुद्धा जंतूंना वाट मोकळी करून देणं आहे.

फरशीवर रक्त सांडलं की घाईने पोछा मारू नका, ते पसरतं. ग्लोव्ह्ज घाला, कागद किंवा कापडाने टिपा, वर १ टक्का हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक) ओता, १० मिनिटं थांबा, मग पुसा. बाजारातलं ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर एका भागाला चार भाग पाणी. कालचं उरलेलं वापरू नका, त्याचा जोर कमी होत जातो. त्यात अ‍ॅसिड तर कधीच मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

खोकणारा पेशंट ओपीडीच्या बंद एसी खोलीत तासभर बसवू नका. त्याला साधा सर्जिकल मास्क द्या, खिडक्या उघडा, नंबर लवकर लावा. टीबीचा संशय असेल तर एन-९५ आपण घालायचा.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. सुई थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाका आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा. तरी टोचलीच, तर बोट पिळू नका, तोंडात धरू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि ड्युटी संपायची वाट न बघता लगेच सांगा. एचआयव्हीपासून बचावाची गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागते. ७२ तासांनंतर तिचा उपयोग होत नाही. वॉर्डबॉय आणि मावशी हे सांगायला घाबरतात, रागावतील म्हणून. त्यांना पहिल्याच दिवशी जवळ बसवून हे समजावा आणि हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस झालेत का ते विचारा.