नवशिक्यांसाठी फुल बॉडी वेट ट्रेनिंग: आठवड्याचे तीन दिवस कसे आखायचे

जिममध्ये नव्याने जाणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे असा सहा दिवसांचा तक्ता पडतो. वर्षानुवर्षं वजन उचलणाऱ्याला तो चालतो. नवख्याला त्यातून मिळतं ते मुख्यतः अंगदुखी.

चांगला व्यायाम झाला की त्या स्नायूत नवं प्रथिन बांधण्याचा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला असतो, मग तो मूळ पदावर येतो. सोमवारी छातीचे पंधरा सेट (सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या आवृत्त्यांची एक फेरी) मारून पुढच्या सोमवारपर्यंत थांबायचं म्हणजे मधले चार-पाच दिवस छातीला कामच नाही. शिवाय त्या पंधरातले शेवटचे सात-आठ सेट दमलेल्या स्नायूवर होतात आणि त्यांचा उपयोग फार थोडा. तेच सेट तीन दिवसांत वाटले, म्हणजे दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम केला, तर प्रत्येक सेट ताज्या अंगाने होतो. दुसरा फायदा सरावाचा आहे. स्क्वॉट (वजन घेऊन उठबस) किंवा रो (वजन स्वतःकडे ओढणं) ही आधी कसब आहेत, आठवड्यातून एकदा करून ती अंगात मुरत नाहीत. आणि एखादा दिवस चुकलाच तर कुठलाही स्नायू आठवडाभर उपाशी राहत नाही.

तक्ता

ए आणि बी असे दोन वर्कआउट ठरवा. एका आठवड्यात ए-बी-ए, पुढच्या आठवड्यात बी-ए-बी. दोन वर्कआउटच्या मध्ये किमान एक दिवस सुट्टी. सोमवार-बुधवार-शुक्रवार हाच क्रम हवा असं काही नाही.

वर्कआउट ए
- गॉब्लेट स्क्वॉट (पुढे बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजन लावलेल्या लांब दांड्याचा स्क्वॉट): ३ सेट, ८–१० रेप (रेप म्हणजे एक आवृत्ती)
- डंबेल बेंच प्रेस: ३ सेट, ८–१२ रेप
- सीटेड केबल रो: ३ सेट, ८–१२ रेप
- लेग कर्ल (मशीनवर गुडघे वाकवून वजन ओढणं): २ सेट, १०–१५ रेप
- लॅटरल रेज (डंबेल बाजूला खांद्यापर्यंत उचलणं): २ सेट, १२–१५ रेप
- बायसेप (दंडाची पुढची बाजू) कर्ल: २ सेट, १०–१५ रेप

वर्कआउट बी
- रोमानियन डेडलिफ्ट: ३ सेट, ८–१० रेप
- बसून डंबेल ओव्हरहेड प्रेस: ३ सेट, ८–१२ रेप
- लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे खाली ओढणं): ३ सेट, ८–१२ रेप
- लेग प्रेस: २ सेट, १०–१५ रेप
- इनक्लाइन डंबेल प्रेस किंवा पुशअप: २ सेट, ८–१५ रेप
- ट्रायसेप (दंडाची मागची बाजू) पुशडाउन: २ सेट, १०–१५ रेप

हिशोब करून पाहा. छाती, पाठ, मांडीची पुढची बाजू आणि मागची बाजू यांना आठवड्याला सरासरी ७ ते ९ सेट मिळतात. दंडाचे थेट सेट कमी दिसतील, पण रो आणि पुलडाउनमध्ये बायसेप, प्रत्येक प्रेसमध्ये ट्रायसेप राबतोच. पोट आणि पोटऱ्यांसाठी शेवटी दोन-दोन सेट जोडायचे तर जोडा. वॉर्मअप धरून सगळं पन्नास मिनिटं ते तासाभरात उरकतं. दीड तास लागत असेल तर मोबाइल बाजूला ठेवा.

मोठे, म्हणजे एकाच वेळी अनेक सांधे वापरणारे, व्यायाम आधी का? स्क्वॉट आणि रोमानियन डेडलिफ्टला तोल, पाठीचा ताठरपणा आणि लक्ष लागतं, आणि दमल्यावर या तिन्ही गोष्टी सगळ्यात आधी ढळतात. कर्ल चुकला तर फार तर रेप वाया जातो.

तीन सेट दहा रेप हा आकडा कुठून आला, असा प्रश्न नेहमी पडतो. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलोर्म यांनी १९४० च्या दशकात जखमी सैनिकांच्या स्नायूंना बळ यावं म्हणून दहा-दहा रेपचे सेट आणि टप्प्याटप्प्याने वाढणारं वजन वापरलं. सुरुवातीला ते बरेच जास्त सेट देत, पुढे ते तीनवर आले. दहा या आकड्यात जादू नाही. पाच ते तीस रेपपर्यंत कुठेही स्नायू वाढू शकतात, अट एवढीच की सेट स्नायू पूर्ण थकण्याच्या जवळ संपला पाहिजे. मात्र तीस रेपांचा स्क्वॉट म्हणजे पायांआधी श्वास संपतो, आणि पाच रेपांना लागणारं वजन नवशिक्याला नीट पेलत नाही. म्हणून ८ ते १५ ची मधली वाट.

सुरुवातीचं वजन

पहिल्या दिवशी वजन शोधायचं, गाजवायचं नाही. हलकं वजन घेऊन आठ रेप करा. अजून सहा-सात सहज झाले असते असं वाटलं तर एक पायरी वाढवा. तीन-चारच झाले असते असं वाटलं की ते तुमचं वजन. रिकामी ऑलिंपिक बार २० किलोची असते (महिलांची १५ किलोची), त्यामुळे रोमानियन डेडलिफ्टला बऱ्याच जणांसाठी नुसती बारही पुरेशी सुरुवात ठरते. तीही जड वाटली तर डंबेल घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट करा. अंग सवयीचं नसताना पहिल्याच दिवशी पूर्ण तक्ता केला की मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, आणि दुसरा वर्कआउट बुडतो. ही दुखी २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बरीच कमी होते. दुखलं नाही म्हणजे व्यायाम लागू पडला नाही, ही समजूत सोडून द्या.

सेट किती ताणायचा

पहिले दोन आठवडे तीन-चार रेप शिल्लक ठेवून थांबा. त्यानंतर मोठ्या व्यायामांत दोन, छोट्यांत एक रेप शिल्लक राहील इथपर्यंत न्या. नवख्यांची अडचण अशी की "दोन शिल्लक" म्हणजे काय हे त्यांना कळतच नाही. दोन उरले म्हणणाऱ्याचे प्रत्यक्षात सहा उरलेले असतात. खूण वेगाची आहे: पूर्ण जोर लावूनही रेप आपोआप संथ व्हायला लागला की शेवट जवळ आला. ही जाणीव पक्की करायची तर लेग कर्ल किंवा ट्रायसेप पुशडाउनचा शेवटचा सेट अधूनमधून खरोखर अडकेपर्यंत न्या. मशीनवर अडकलं तर वजन खाली ठेवून उठता येतं. बारबेल स्क्वॉट किंवा एकट्याने बेंच प्रेस करताना हा प्रयोग कधीही नको. स्क्वॉट रॅकमध्येच (बार टेकवायच्या चौकटीत) करा आणि सेफ्टी बार (बार सुटली तर झेलणारे आडवे दांडे) तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीच्या किंचित खाली लावा.

मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती, छोट्यांत एक ते दीड. तीस सेकंदांत पुढचा सेट घेतला की घाम भरपूर येतो, पण रेप घसरतात, आणि स्नायू वाढतात ते झालेल्या रेपांवर. घामाचा इथे काही हिशोब नाही.

वजन वाढवायचा नियम

तक्ता कुठलाही चालेल, हा नियम नसेल तर तो चार-पाच आठवड्यांत अडतो. म्हणून वही हवी. प्रत्येक सेटचं वजन आणि रेप लिहा, पुढच्या वेळी ती ओळ समोर ठेवूनच सुरुवात करा.

समजा डंबेल बेंच प्रेस १० किलोंच्या जोडीने सुरू केला आणि १०, ९, ८ रेप झाले. पुढच्या वेळी तेच वजन, एक-दोन रेप जास्त: ११, १०, ८. असं करत तिन्ही सेटमध्ये १२ झाले की वजन वाढवा. रेप पुन्हा आठवर येतील, पुन्हा चढा. आधी रेप, मग वजन.

मेख आहे ती डंबेलच्या पायऱ्यांत. ६० किलोच्या स्क्वॉटला अडीच किलो म्हणजे चार टक्के, कळतही नाहीत. १० किलोच्या डंबेलवरून साडेबारावर जाणं म्हणजे एकदम २५ टक्के, आणि लॅटरल रेजमध्ये ५ वरून साडेसातवर जाणं म्हणजे ५० टक्के. "बारा झाले, वाढवलं, आता पाचच होतात" ही तक्रार इथूनच येते. अशा ठिकाणी मर्यादेच्या वर जा: बेंच प्रेसला चौदा-पंधरा रेप, लॅटरल रेजला वीस, मग वजन बदला. किंवा पहिला सेट नव्या वजनाने आणि उरलेले जुन्या वजनाने असं दोन-तीन वेळा करा. एक किलोच्या पायरीचे डंबेल मिळत असतील तर प्रश्नच मिटला.

सलग तीन वेळा एकही रेप वाढला नाही तर आधी झोप आणि जेवण तपासा. दोन्ही ठीक असतील तर त्या व्यायामाचं वजन १० टक्के उतरवून पुन्हा चढत या. एकाच वेळी सगळेच व्यायाम अडले असतील तर एक आठवडा सेट निम्मे करा.

पहिले चार-सहा आठवडे वजन भराभर वाढतं आणि आरशात मात्र फारसं दिसत नाही. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: आहे तोच स्नायू नीट वापरायला शरीर शिकतं. डोळ्यांना दिसणारा फरक साधारण दोन-तीन महिन्यांनी.

जिथे चुका होतात

गॉब्लेट स्क्वॉटमध्ये डंबेल छातीला टेकवून उभा धरा, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जाऊ द्या, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत किंवा त्याखाली बसा. टाचा उचलत असतील तर घोटे आखडलेले आहेत. टाचांखाली अडीच किलोची एकेक प्लेट ठेवली की लगेच फरक पडतो. डंबेल वीस-पंचवीस किलोचा झाला आणि पायांआधी हात थकू लागले की बारबेलकडे वळा.

रोमानियन डेडलिफ्ट सगळ्यात जास्त बिघडतो, कारण बहुतेक जण वाकतात किंवा बसतात. यात दोन्ही करायचं नाही. गुडघे किंचित वाकवून तिथेच स्थिर ठेवा आणि मागचं दार पार्श्वभागाने लोटून बंद करायचं आहे असं समजून कंबर मागे न्या. बार मांडीला घासत खाली जाईल. मांडीच्या मागे ताण जाणवला आणि कंबर आणखी मागे जाईना की थांबा, बहुतेकांचं ते ठिकाण गुडघ्याखाली, नडगीच्या मध्यापर्यंत असतं. प्लेट जमिनीला टेकवायच्या हट्टाने पाठ गोल होते आणि कंबरेत उसण भरते. बार पायांपासून चार बोटं जरी पुढे गेली तरी भार मांडीवरून कंबरेवर येतो.

रोमध्ये धड मागेपुढे झुलत असेल तर वजन जास्त आहे. बेंच प्रेसमध्ये कोपरं खांद्याच्या सरळ रेषेत बाहेर फेकू नका, धडापासून साधारण ४५ ते ६० अंशांवर ठेवा. वजन खाली येताना दोन सेकंद घ्या. सोडून दिलेलं वजन गुरुत्वाकर्षण आणतं, स्नायू नाही.

वॉर्मअप लांबवू नका. पाच मिनिटं भरभर चाला, मग पहिल्या व्यायामाचे चढते सेट: ४० किलोचा स्क्वॉट असेल तर २० किलो आठ रेप, ३० किलो चार रेप, मग कामाचा सेट. पुढच्या मोठ्या व्यायामांना असा एकच हलका सेट पुरतो.

स्नायूत पसरलेली बोथट दुखी चालते. सांध्यात, एकाच जागी, टोचल्यासारखी कळ आली तर तो व्यायाम त्या दिवशी बंद. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा.

आहार आणि झोप

दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं: ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम, तीन-चार वेळच्या खाण्यात वाटून. बारीक माणसाने रोज गरजेपेक्षा २०० ते ३०० कॅलरी जास्त घ्याव्यात, म्हणजे आठवड्याला दीडशे ते तीनशे ग्रॅम वजन वाढेल. त्याहून भराभर वाढलं तर वाढते ती बरीचशी चरबी. अंगावर आधीच चरबी असेल तर जास्तीच्या कॅलरींची गरज नाही, नवशिक्याचे स्नायू चरबी घटत असतानाही वाढतात. झोप सात ते नऊ तास. सप्लिमेंटमध्ये क्रिएटिन, रोज ३ ते ५ ग्रॅम, एवढंच मनावर घेण्यासारखं आहे, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तेही डॉक्टरांना विचारून.

तक्ता कधी बदलायचा

वहीतले आकडे वाढताहेत तोवर नाही. दोन-अडीच महिन्यांनी दोन सेटचे व्यायाम तीनवर न्या. सहा-आठ महिन्यांनी स्क्वॉट आणि प्रेस इतके जड होतात की एका दिवसात सगळं अंग उरकणं जिवावर येतं, तेव्हा चार दिवसांचा, दोन दिवस वरचं शरीर आणि दोन दिवस खालचं, असा विभाग करा.

मध्ये दोन-तीन आठवडे खंड पडला तर जुन्या वजनावर उडी मारू नका. सगळी वजनं १५ ते २० टक्के उतरवा, पहिल्या दिवशी दोनच सेट करा. एकदा कमावलेला स्नायू पहिल्या वेळेपेक्षा लवकर परततो, बहुतेकांचे आकडे दोन-तीन आठवड्यांत जागेवर येतात.