चित्रकाराने काम कोठे आणि कसे शोधावे

चित्रकलेची पदवी किंवा पदविका हाती आल्यावर बहुतेक जण आधी आपली चांगली चित्रे गोळा करतात आणि मग ती कोणाला दाखवावीत याचा विचार करतात. हा क्रम उलटा करावा. आपल्या चित्राचे पैसे कोण देणार आहे, हे आधी ठरवावे. कारण शाळा, प्रकाशक, अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ, जाहिरात संस्था आणि कलादालनातून चित्र विकत घेणारा संग्राहक या सर्वांना चित्रकाराकडून वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात, आणि एकाच पोर्टफोलिओने, म्हणजे निवडक कामांच्या एकाच संचाने, सर्वांचे समाधान होत नाही. यांपैकी दोन क्षेत्रे निवडावीत: एक दरमहा खर्च भागवणारे आणि दुसरे ज्यात दहा वर्षांनी आपले नाव व्हावे असे वाटते ते. सुरुवातीच्या काळात केवळ चित्रविक्रीवर चरितार्थ चालवण्याचा बेत शक्यतो करू नये.

ज्यांना नोकरीची शाश्वती हवी आहे त्यांनी प्रमाणपत्रांकडे नीट लक्ष द्यावे, कारण प्रमाणपत्राला खरे वजन मुख्यतः शिक्षणक्षेत्रात आणि सरकारी भरतीतच असते. शालेय कलाशिक्षकासाठी कला संचालनालयाची कला शिक्षक पदविका, म्हणजे एटीडी, ही महाराष्ट्रातील रुळलेली वाट आहे. केंद्रीय विद्यालये आणि जवाहर नवोदय विद्यालये यांतही कलाशिक्षकाची पदे असतात. त्यांची पात्रता वेगळी असल्याने प्रत्येक जाहिरात मुळातून वाचावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा लागतो. अंशकालीन काम तुटपुंजे वाटते हे खरे. परंतु उरलेला दिवस स्वतःच्या चित्रांसाठी मोकळा राहतो, ही बाजूही विचारात घ्यावी. यांखेरीज वैद्यकीय महाविद्यालये, संग्रहालये आणि पुरातत्त्व विभाग येथेही चित्रकारांची मोजकी पदे असतात. रसायनशास्त्राची भीती नसेल तर कलाकृतींचे संवर्धन हे क्षेत्रही पाहावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतंत्र कला संवर्धन केंद्र आहे.

पुढे शिकायचे असल्यास पर्याय पुष्कळ आहेत, पण दोनच येथे सांगतो. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी ही 1969 साली सुरू झालेली डिझाइनची संस्था असून तेथील पदव्युत्तर प्रवेशासाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर पाच वर्षांची जी. डी. आर्ट पदविका केलेल्यांनाही व्यावसायिक अनुभवाच्या अटीवर ही परीक्षा देता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. चित्रपटाचे आकर्षण असलेल्यांसाठी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कला दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

पोर्टफोलिओ तयार करताना

पोर्टफोलिओमध्ये बारा ते पंधरा कामे पुरेशी असतात, आणि त्यांतील सर्वांत कच्च्या कामावरून तुमची पारख होते, म्हणून संख्या वाढवण्यासाठी एकही चित्र घालू नये. अ‍ॅनिमेशन आणि गेमच्या स्टुडिओला एकच पात्र निरनिराळ्या कोनांतून आणि भावमुद्रांतून सातत्याने काढता येते का, हे पाहायचे असते. त्यांना झटपट केलेली मानवाकृतींची रेखाटने, पार्श्वभूमीचे आराखडे आणि दोन-तीन पानांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची क्रमवार चित्रे, दाखवावा. प्रकाशकाला मजकूर आणि चित्र यांचे नाते पाहायचे असते. म्हणून एखादी लोककथा घेऊन तिची आठ पाने स्वतःच आखावीत, अक्षरांसाठी जागा सोडावी, आणि पहिल्या पानावरचा मुलगा आठव्या पानावरही तोच मुलगा वाटतो का, हे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे. जाहिरात संस्थेला अंतिम चित्राइतकीच त्यामागची कल्पना महत्त्वाची वाटते, तेव्हा तेथे कच्चे आराखडेही जोडावेत. महाविद्यालयातील स्थिरचित्रे आणि व्यक्तिचित्रे उत्तम असली तरी ती कलादालनाच्या किंवा शिक्षकीच्या अर्जासाठी राखून ठेवणे बरे.

मराठीत बालवाङ्मय, दिवाळी अंक आणि पाठ्यपुस्तके यांमुळे चित्रांना कायम मागणी असते. बालभारतीची स्थापना 1967 सालची असून तिचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. अशा ठिकाणी काम छापून आले की इतर प्रकाशकांकडे जाताना ओळख सांगावी लागत नाही. दिवाळी अंकांसाठी दिवाळीच्या तोंडावर संपर्क साधण्यात अर्थ नसतो; पावसाळ्याच्या सुरुवातीलाच संपादकांना नमुने पाठवावेत. मानधन बेताचेच असते, हे गृहीत धरावे.

काही स्टुडिओ निवडीपूर्वी चाचणी म्हणून काम करून मागतात. एखाद्या दिवसात होणारी चाचणी रास्त आहे. मात्र प्रत्यक्ष प्रकल्पातील दृश्ये चाचणीच्या नावाखाली फुकट मागितली जात असतील तर सभ्य शब्दांत नकार द्यावा.

हक्क विकताना

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि कलाशिक्षणात त्याला सर्वांत कमी जागा मिळते. चित्राचा कागद विकणे आणि चित्र छापण्याचा हक्क विकणे हे दोन निराळे व्यवहार आहेत. प्रताधिकार कायदा, 1957 नुसार चित्रकार हा सामान्यतः आपल्या चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक असतो, परंतु त्याला मोठे अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. एखाद्याने पैसे देऊन स्वतःसाठी रंगवून घेतलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा प्रताधिकारही, उलट करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचाच ठरतो. म्हणजे गप्प बसणाऱ्या चित्रकाराच्या बाजूने कायदा उभा राहीलच असे नाही.

हक्क देण्याचा करार लेखी आणि स्वाक्षरीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून कोणतेही काम स्वीकारताना पुढील गोष्टी निदान ईमेलमध्ये तरी लिहून घ्याव्यात आणि हक्क कायमचे देण्याचा प्रश्न आला तर स्वाक्षरीच्या कागदाखेरीज पुढे जाऊ नये: किती चित्रे, कोणत्या पुस्तकासाठी, छापील आवृत्तीसाठी की डिजिटलसाठीही, कोणत्या भाषांसाठी, किती वर्षांसाठी, किती वेळा बदल करून देणार, काम मध्येच रद्द झाल्यास किती रक्कम मिळणार आणि मूळ चित्र कोणाकडे राहणार. चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकप्रणालीच्या प्रशिक्षणासाठी वापरता येणार नाहीत, असे एक वाक्य आता घालावे. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशी ओळ दिसली तर भांडण करण्याचे कारण नाही. त्या ओळीची किंमत वेगळी सांगावी. मराठी पुस्तकासाठी काढलेले चित्र पुढे हिंदी आवृत्तीत, दिनदर्शिकेवर आणि कपड्यांवर वापरले जाऊ शकते, आणि त्या प्रत्येक वापराचे पैसे मिळवण्याची संधी या एका ओळीने संपते.

कापडावरील नक्षीचे काम करणाऱ्यांनी आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी, पण न नोंदवलेली रचना परवानगीने औद्योगिक पद्धतीने पन्नासांहून अधिक वेळा उत्पादित झाली की तिच्यावरचा प्रताधिकार संपतो. अशी रचना बाजारात आणण्यापूर्वीच डिझाइन कायद्याखाली नोंदवावी.

पैसे स्वीकारल्यानंतरही काही हक्क चित्रकाराकडेच राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमर नाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प 1979 साली काढून टाकण्यात आले आणि त्याची हानी झाली. या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली शिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरीही न्यायालयाने कलाकाराचे कलाकृतीशी असलेले नाते मान्य केले. सार्वजनिक भिंती रंगवण्याची कामे घेणाऱ्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

कलादालनाची वाट

मुंबईचे जहांगीर कलादालन 1952 पासून चालू आहे, आणि तेथील प्रतीक्षायादी इतकी लांब असते की अर्ज करताना पुढच्या काही वर्षांचा विचार करावा लागतो. तोपर्यंत स्पर्धात्मक प्रदर्शनांत चित्रे पाठवावीत. कला संचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि व्यावसायिक कलाकार असे स्वतंत्र विभाग असतात. 1888 साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि 1918 सालची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शनेही होतात. एकल प्रदर्शनासाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकटी, वाहतूक, दालनाचे भाडे आणि माहितीपत्रक यांचा खर्च तीन-चार मित्रांनी वाटून घेतल्यास समूह प्रदर्शन सहज पेलते. खासगी दालनाशी बोलताना कमिशन किती टक्के, विक्रीनंतर पैसे किती दिवसांत आणि न विकलेली चित्रे परत आणण्याचा खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न विचारावेतच.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या योजनेत 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांना दोन वर्षे दरमहा पाच हजार रुपयांची शिष्यवृत्ती, तर 25 ते 40 वयोगटासाठी दरमहा दहा हजार रुपयांची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे आणि दोन्हींत दृश्यकलेचा समावेश आहे. रक्कम मोठी नाही; पण निवड झाल्याचा उल्लेख पुढच्या अर्जांत उपयोगी पडतो.

पैशांची व्यवस्था

स्वतंत्र काम करणाऱ्याने पॅन, स्वतंत्र बँक खाते आणि क्रमांक घातलेली बिले एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवावी. मानधनातून देणाऱ्याने आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, आपल्या नावावर जमा झाला का, हे तपासावे आणि उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरावे, म्हणजे ती रक्कम परत मागता येते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि निःशुल्क आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद केल्यावर पुरवलेल्या कामाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत देणे ग्राहकावर बंधनकारक ठरते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. व्याज खरोखर वसूल करण्याची वेळ क्वचितच येते, परंतु बिलावर उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापलेली असली की लेखाविभाग ते बिल सहसा बाजूला टाकत नाही. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि पूर्ण पैसे जमा होईपर्यंत छपाईयोग्य फाइल न देता कमी रिझोल्यूशनची प्रतच पाठवावी.