हॉर्नबिल महोत्सवाला पहिल्यांदा जाताना

नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव दरवर्षी १ ते १० डिसेंबर या काळात, कोहिमापासून १२ किलोमीटरवर किसामाच्या डोंगरउतारावर भरतो. १ डिसेंबर हा राज्याचा स्थापना दिवस (१९६३). महोत्सव २००० साली सुरू झाला. बरेच जण मैदानातली नृत्यं पाहून, फोटो काढून परततात. खरा जीव मात्र आजूबाजूच्या मोरुंगांमध्ये, म्हणजे नागा जमातींच्या पारंपरिक वसतिगृहांमध्ये आहे. तिथे निदान अर्धा दिवस निवांत मिळेल, अशीच आखणी करा.

आधी कागदपत्रं. भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट (राज्यात शिरण्याचा परवाना) लागतं. अर्ज नागालँड सरकारच्या संकेतस्थळावर करता येतो. फोटो आणि ओळखपत्र जवळ ठेवून बसा. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका आणि छापील प्रती घ्या, कारण तपासणीच्या जागी फोनला रेंज असेलच असं नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, हे परमिट चालत नाही. त्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत आले आहेत, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधीच चौकशी करा.

मुंबई-पुण्याहून कोलकाता किंवा गुवाहाटीमार्गे दिमापूर गाठायचं. गुवाहाटीहून रेल्वेही आहे. दिमापूर ते कोहिमा अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, पण घाटरस्ता आहे. तीन तास हाताशी धरा. राहण्याची सोय दोन-तीन महिने आधी करा. किसामाला लागून असलेल्या किग्वेमा गावात घरगुती मुक्काम मिळाला तर तोच घ्या, पायी ये-जा होते. कोहिमात राहिलात तर किसामाला जाणारा रस्ता एकच, आणि महोत्सवात तो तुंबतो. सकाळी आठच्या आत निघालात तर गर्दीच्या पुढे राहाल. उशीर केला तर १२ किलोमीटरला दीड-दोन तासही जातात.

दिवस फार लवकर मावळतो. साडेचारच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे मुंबईपेक्षा जवळपास दीड तास आधी. दुपारी उघड्या मैदानात ऊन चांगलं भाजतं आणि अंधार पडताच हुडहुडी भरते. एकच जाड जाकीट नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: सुती, लोकरी, वाऱ्याला अडवणारा. टोपी हवी. बूट पकड असलेले घाला, कारण परिसरभर चढ-उतार आणि पायऱ्या आहेत.

मैदानातले कार्यक्रम साधारणपणे सकाळी आणि दुपारी अशा दोन सत्रांत होतात. दहा दिवसांतले मधले, कामाचे दिवस निवडा. पहिल्या दिवशी बड्या पाहुण्यांमुळे कडक बंदोबस्त असतो आणि शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. सकाळचं सत्र पूर्ण बघा, दुपारचं सोडलं तरी चालेल. तो वेळ मोरुंगांना द्या.

मोरुंग म्हणजे गावातल्या तरुण मुलांचं पारंपरिक वसतिगृह. युद्धकला, गाणी, कोरीवकाम, गावाचे नियम हे सगळं तिथे शिकवलं जाई. किसामात प्रत्येक प्रमुख जमातीचा मोरुंग त्यांच्या पद्धतीने बांधलेला आहे. एका दिवसात सगळे उरकू नका, चार-पाचच निवडा. दारावरचं कोरीवकाम बघा, अख्खं झाड पोखरून केलेला लाकडी ढोल बघा, चुलीजवळ बसलेल्या वडीलधाऱ्यांशी बोला. नागामिज (तिथली सामायिक बोली), इंग्रजी किंवा साधी हिंदी पुरते. पूर्वी लढाईत शत्रूचं मुंडकं कापून आणायची प्रथा होती, पण 'तुम्ही मुंडकी कापायचात ना?' हा प्रश्न पहिल्याच वाक्यात विचारू नका. शेती, विणकाम, गाणं यांवर बोलणं सुरू केलंत, तर ते लोक आपणहून खूप काही सांगतात. फोटोआधी परवानगी घ्या. अंगावरचे दागिने आणि शिरोभूषण यांना हात लावू नका.

जेवणही मोरुंगातच. धुरावर वाळवलेलं डुकराचं मांस बांबूच्या कोंबांसोबत किंवा आंबवलेल्या सोयाबीनसोबत (अखुनी) मिळतं. अखुनीचा वास उग्र असतो. दोन घास खाल्ल्यावर त्याची चव कळते. राजा मिरचीची चटणी मात्र काडीच्या टोकाएवढीच घ्या. तोंड भाजलं तर पाणी पिऊ नका, भात खा. शाकाहारी असाल तर उकडलेल्या भाज्या आणि भात मागा, पण सुकी मासळी घातली आहे का हे प्रत्येक ठिकाणी विचारा, कारण ती चवीपुरती घातलेली असली तर दिसत नाही. गोमांसाबद्दलही आधीच विचारून घ्या. तांदळाची बिअर, झुथो, बांबूच्या पेल्यात मिळते, आंबटसर असते. बाहेरून दारू आणू नका, राज्यात १९८९ पासून दारूबंदीचा कायदा आहे.

शाल घ्यायची तर ती उलटी करून बघा. कमरेला बांधायच्या मागावर रुंद कापड निघत नाही, म्हणून हातमागाची शाल अरुंद पट्ट्या शिवून जोडलेली असते. ती शिवण हाताला लागते. अखंड, एकसारखी आणि हलकी शाल बहुधा यंत्रावरची. चाखेसांग शालीला भौगोलिक मानांकन आहे. काही शाली पूर्वी फक्त पराक्रम गाजवलेल्या माणसालाच पांघरता येत, तेव्हा कुठली शाल कोणाची हे विणकरणीला विचारूनच निवडा. धनेशाची (म्हणजे हॉर्नबिल पक्ष्याची) खरी पिसं, चोच, प्राण्यांचे दात कोणी देऊ केले तरी घेऊ नका. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो.

गर्दीत मोबाइल इंटरनेट बसतं आणि यूपीआय अडकतं. दिवसाच्या खर्चाची रोख रक्कम शंभर-दोनशेच्या नोटांत ठेवा. एटीएमचं काम दिमापूरलाच उरका. परतीच्या गाडीची वेळ आणि जागा चालकाशी सकाळीच ठरवून घ्या, संध्याकाळी फोन लागेलच असं नाही. कोहिमात रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा औषधं आणि प्रवासाचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा.